सिंकखालच्या कपाटात मला जागा का मिळाली नाही

मी एक जुना बोर्डाचा तुकडा आहे. लांबी एक वीत, रुंदी चार बोटे, जाडी तुमच्या अंगठ्याएवढी. एका सुताराच्या कारखान्यात खिडकीशेजारच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. माझी खालची कड फुगली आहे आणि पाठीवर पेन्सिलीने दोन तारखा लिहिल्या आहेत. मित्रांनो, त्या दोन तारखांची ही हकिकत आहे.

माझे कूळ काही फार मोठे नाही. लाकूड कापताना जो भुसा आणि ज्या ढलप्या खाली पडतात, त्या गोळा करून, सरसात कालवून, यंत्राखाली दाबून मला तयार केले. पोटात थोडा हिरवा रंग घातला, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावे की हा बोर्ड पाण्याला भीत नाही. वर दोन्ही बाजूंनी पांढराशुभ्र गुळगुळीत थर चढवला. आरशासमोर उभे राहायची सोय असती, तर मी दिवसभर तिथून हललो नसतो.

मला निवडले ते सुताराच्या मुलीने. सुताराला त्या भागात सगळे थांबामिस्त्री म्हणत. कारण कुणीही नवा माल घेऊन आले, की त्यांचे एकच उत्तर असे, "थांबा." स्वयंपाकघर असो की बाथरूम, जिथे पाणी आहे तिथे लावायचा प्रत्येक माल ते आधी स्वतःच्या घरच्या बाथरूममध्ये वर्षभर ठेवत. त्याचा एक तुकडा कापायचा, पाठीवर तारीख घालायची, त्याच्या जाडीची खाच पाडलेल्या मिस्त्रींच्या लाकडी ठोकळ्यात तो सरकतो ना ते बघायचे आणि पाण्याजवळ उभा करून द्यायचा. वर्षाने तो पुन्हा त्याच खाचेत सरकला तर पास. अडकला तर लोकांच्या घरात त्याला प्रवेश नाही.

मुलीला ही पद्धत पटत नव्हती. सहा वर्षे ती वडिलांच्या हाताखाली मापे घेत होती, कपाटे जोडत होती. आता मिस्त्रींचा हात थरथरू लागला होता आणि पुढचे काम तिने एकटीने करायचे, माल सुद्धा तिनेच निवडायचा, असे ठरले होते. तिने वखारीतून मला उचलून आणले. हलका, स्वस्त, पांढरा आणि कापायला सोपा.

"बाबा, तुम्ही थांबा थांबा म्हणता आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं," ती म्हणाली. "सगळं जग हाच बोर्ड लावतंय."

"जगाच्या सिंकखाली वाकून बघितलंयस का कधी?" मिस्त्री म्हणाले. "वर्षभर ठेवू. टिकला, तर पहिल्यांदा मीच म्हणेन की लेक जिंकली."

म्हणून मी त्यांच्या बाथरूममध्ये गेलो. मिस्त्रींच्या बायकोने मला पाहताच कपाळाला हात लावला. "अहो, ही बाथरूम आहे की लाकडाची वखार? अंघोळ करायची की तुमच्या फळ्यांची राखण?" बोलणे रास्त होते. बेसिनखालच्या कोपऱ्यात आधीच पाच जण उभे होते. त्यांत जाड प्लायवूडचा एक तुकडा होता, तो नऊ वर्षांत जराही बदलला नव्हता आणि त्याबद्दल कधी बोलतही नसे. एक अस्सल लाकडाची पट्टी पिळवटून वाकडी झाली होती. कोपऱ्यात जागा उरली नाही, म्हणून मला वर, नळाशेजारच्या कट्ट्यावर ठेवले.

त्या जागेनेच सगळा घोळ केला.

मुलीच्या आईंचे गुडघे दुखत, त्यामुळे खालच्या कोपऱ्याशी त्या वाकत नसत. पण कट्टा त्यांच्या हाताशी होता. ओले दिसले की त्यांना चैन पडत नसे. सकाळची सगळ्यांची अंघोळ झाली, की त्या फडके घेऊन येत, कट्टा कोरडा करत आणि ओघाओघात मलाही पुसत. आधी पुढून, मग मागून, मग चारही कडा. तुकड्यांना हात लावायचा नाही, असे त्यांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी मिस्त्रींना कबूल केले होते. पण पुसणे म्हणजे हात लावणे, असे त्यांच्या मनात कधी आलेच नसावे.

निदान सुरुवातीला तरी. पुढे एकदा मुलगी दात घासता घासता म्हणाली, "आई, हा माझा तुकडा बरं का. हा पास झाला की मी सुटले." दुसऱ्या दिवसापासून फडके माझ्या कडांवर जरा जास्त वेळ थांबू लागले. त्यात सवय किती होती आणि माया किती, ते मला सांगता येणार नाही. मला मात्र बरे वाटत होते. मी स्वतःला मोठा पराक्रमी समजत होतो आणि खालच्या प्लायवूडकडे बघून मनातल्या मनात नाकही मुरडत होतो.

वर्ष झाले. त्या दिवशी कारखान्यात एक नर्सबाई आल्या होत्या. त्यांना स्वयंपाकघर आणि दोन बाथरूमची कपाटे करायची होती. हेच मुलीचे पहिले काम. शिवाय त्यांच्या इमारतीत आणखी चौदा घरे होती आणि हे काम कसे होते याकडे त्या सगळ्यांचे डोळे लागले होते. आई मिस्त्रींचा डबा घेऊन आल्या होत्या. मिस्त्रींनी मला ठोकळ्याच्या खाचेवर धरले आणि सोडून दिले. मी अलगद आत गेलो.

"लेक जिंकली," मिस्त्री म्हणाले. दिल्या शब्दाला ते जागले. मुलीचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला ती उगाच टेप उघडून मिटत बसली.

नर्सबाई मला हातात घेऊन म्हणाल्या, "छान आहे. मला एवढंच हवंय. माझी कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दोन मुलं पाण्यात खेळणारी. सिंकखाली कायम ओलं. आमच्याकडे पुसत बसायला आहे कोण?"

डबा उघडणारे आईंचे हात थांबले. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी जर बोलू शकलो असतो, तर त्यांना गप्प राहा असेच सांगितले असते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. कोरड्या अंगाने मिळालेली शाबासकी मला फार गोड लागली होती.

"मी पुसत होते त्याला," आई म्हणाल्या.

"कशाला?" मिस्त्रींना कळलेच नाही.

"ह्या तुकड्याला हो. कट्टा पुसताना."

"कधीतरीच ना?" मुलीने विचारले.

"रोज," आई म्हणाल्या. "माझं चुकलं गं. तुझा पहिला तुकडा, ओला बघवेना. पण या बाईंच्या घरी मी थोडीच येणार आहे पुसायला?"

मिस्त्रींनी मुलीकडे पाहिले. काम मुलीचे होते आणि निर्णयही तिचाच होता. तिने मला नर्सबाईंच्या हातातून परत घेतले. पांढरा थर अंगठ्याने चोळला, उघडी कड पाहिली.

मग ती नर्सबाईंना म्हणाली, "थांबा."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी फक्त ठोकळा तिच्या बाजूला सरकवला.

"अजून किती थांबू?" नर्सबाई वैतागल्या. "तिकडे दुसरा सुतार उद्या काम सुरू करायला तयार आहे."

"एक महिना. न पुसता ठेवला की तेवढ्यात खरं काय ते कळेल. तुम्हाला घाई असेल तर त्याच्याकडे जा, मी राग मानणार नाही. पण सिंकखाली काय लावतोय, ते त्याला विचारा." नर्सबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. पिशवी उचलून निघून गेल्या.

मी पुन्हा नळाशेजारी आलो. या वेळी पाठीवर दुसरी तारीख होती. सकाळी आई फडके घेऊन येत, कट्टा पुसत, माझ्यापाशी आल्या की हात आखडता घेत आणि माझ्या भोवतीने फडके फिरवून निघून जात. पाणी माझ्या उघड्या कडांतून आत शिरू लागले. पोटातल्या हिरव्या रंगाने काही अडवले नाही. अकराव्या दिवशी माझी खालची कड फुगली आणि सतराव्या दिवशी मी खाचेच्या तोंडाशीच अडकलो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. मी तर स्वतःच फसलो होतो. मला फार लाज वाटली.

महिना संपायला चार दिवस असताना नर्सबाई परत आल्या. "दुसऱ्या सुताराला विचारलं मी, सिंकखाली काय लावणार," त्या म्हणाल्या. "तर म्हणाला, ताई, तिथे वाकून कोण बघतंय?"

मुलीने फुगलेल्या मला त्यांच्यासमोर ठेवले आणि जे घडले ते सगळे सांगितले. सिंकखाली आणि दोन्ही बाथरूममध्ये त्या अबोल प्लायवूडची कपाटे करायची, तीही कडा बंद करून, असे ठरले. वरची, पाण्यापासून दूर असलेली कपाटे माझ्या भाऊबंदांची झाली. ते आजही तिथे पांढरेशुभ्र उभे आहेत. पुढे इमारतीतली चौदापैकी अकरा घरे मुलीकडे आली. आता लोक तिला थांबाताई म्हणतात.

नव्या गिऱ्हाइकासमोर ती मला खिळ्यावरून काढते आणि पहिला प्रश्न विचारते, "तुमच्या घरी पुसतं कोण?" मग पुढची निवड. मित्रांनो, तुम्हीही आज घरी गेल्यावर सिंकखालचे दार उघडा आणि आतल्या कडेवरून बोट फिरवा. ओले लागले तर पुसा. आणि तिथे रोज कुणी पुसत असेल, तर त्या माणसाची आठवण ठेवा. कपाट टिकले की लोक मालाचे कौतुक करतात.

आई अधूनमधून डबा घेऊन कारखान्यात येतात. इथे पाणी नाही, नुसती धूळ असते. मिस्त्री डबा खाईपर्यंत त्या खिडकीपाशी येतात आणि आधी लेकीकडे बघतात.

"पुसू का गं?"

"पूस," मुलगी म्हणते.

मग त्या फडके काढतात. आधी पुढून, मग मागून. फुगलेली कड त्या सगळ्यात शेवटी पुसतात.