दूधघरातली टाकी हलणार नाही

मी दूधघरातली टाकी बोलतेय. आधी एक माफी मागून घेते. बोलतेय मी, पण कागदावर उतरवतोय या घरातला मुलगा. त्याने शाळा लवकर सोडली, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचं कधी जमलंच नाही. शब्दही साधेच आहेत, कारण आम्हा दोघांना दुसरे येत नाहीत. चुका दिसल्या तर पोटात घाला. मी जे सांगणार आहे त्याची मात्र माफी मागणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादी पत्र्याची एक टाकी, तिच्याभोवती दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये गारवा धरून ठेवणारा जाड थर. पाठीशी कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारी जाळी आणि पंखा. पोटात सावकाश फिरणारी ढवळणी. गाईच्या अंगातून ऊन ऊन आलेलं दूध लगेच गार करायचं आणि टँकर येईपर्यंत गार ठेवायचं, एवढंच माझं काम. एवढंच म्हणते खरी, पण ते नीट झालं नाही तर सगळ्या गोठ्याची मेहनत गटारात जाते.

मला या घरी आणलं ते या मुलाच्या वडिलांनी. मी ट्रकवरून उतरले तेव्हा ते माझ्याभोवती असे फिरत होते जसं काही घरात सून आलीय. माझ्या पत्र्यात तोंड बघून त्यांनी केस सारखे केले. माणसांची ही सवय मी तेव्हापासून बघतेय. कितीही घाई असू दे, चकचकीत पत्रा दिसला की मान तिरकी होतेच.

वडील होते तोवर माझे दिवस सुखाचे गेले. मागची खिडकी सताड उघडी असायची. आठवड्याला एकदा ते ब्रश घेऊन माझी जाळी झाडायचे. मग एका हिवाळ्यात ते आजारी पडले ते उठलेच नाहीत. घराचा कारभार त्यांच्या धाकट्या भावाकडे आला. त्यांना सगळे काका म्हणतात, तर मीही काकाच म्हणेन.

काका वाईट नाहीत, हे आधीच सांगते. गाय आजारी पडली तर तिच्या शेजारी पोतं टाकून झोपणारा माणूस. पण त्यांची एक समजूत होती: टाकी गार, म्हणून टाकीची खोली गार, आणि खिडकी उघडी राहिली की गारवा बाहेर पळतो. त्यांनी आधी खिडकी बंद केली. मग फटींत चिंध्या कोंबल्या. तरी वीज जास्त लागतेय म्हटल्यावर घरातली जुनी रजई आणली आणि माझ्या पाठीवर, अगदी जाळीवर, नीट टोकं खोचून पांघरली. वर थोपटलंसुद्धा.

मायेने थोपटलेल्या त्या हाताखाली माझा जीव गुदमरत होता, हो! दुधातली उष्णता मी पाठीवाटे बाहेर फेकायची, ती रजईत अडायची, खोलीत कोंडायची आणि पंखा तीच गरम हवा पुन्हा माझ्या अंगावर मारायचा. मी रात्रंदिवस धापा टाकत होते. विजेचा काटा पळत होता. आणि सगळं करून दूध काही वेळेवर गार होत नव्हतं.

एकदा दूध नासलं. दुसऱ्यांदाही नासलं. टँकरवाला जुना माणूस, तिखट जिभेचा. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "काका, दही लावायचं होतं तर मला कशाला बोलावलंत?"

"टाकीच मेली म्हातारी झालीय," काका म्हणाले. "नुसती वीज खाते."

मी! ज्या बाईला रजईत गुंडाळून कोंडून ठेवलं, तिलाच म्हणायचं की तुला घाम का येतो?

"अजून एकदा असं झालं तर माझी गाडी या फाट्याला वळणार नाही," टँकरवाला म्हणाला आणि गेला.

तेव्हा शेजारच्या मोठ्या गोठ्याच्या मालकाने काकांना गाठलं. माझ्याच दूधघरात उभं राहून बोलणं झालं. "ही टाकी मी घेऊन जातो," मालक म्हणाला. "तुम्ही आपलं दूध सकाळ-संध्याकाळ कोमटच माझ्याकडे पोचवा. टँकर, वीज, डोकेदुखी, सगळं माझं."

"आणि भाव?" आईंनी दारातून विचारलं. आई म्हणजे या मुलाची आई, काकांची वहिनी.

"भाव काय वहिनी, मी का तुम्हाला लुटणार आहे?"

असं म्हणणाऱ्या माणसाच्या हाती एकदा दूध गेलं की पुढं गाईही जातात, हे आईंना कळत होतं, आणि मलाही. पण काका थकले होते. त्यांनी शब्द देऊन टाकला. महिनाअखेरीस गाडी येऊन मला नेणार असं ठरलं.

हे सगळं होत असताना मुलगा माझ्या शेजारी बादल्या धूत होता. तो इतका कमी बोलतो की घरात त्याचं नाव गप्पू पडलंय. त्याने मान वर केली, तोंड उघडलं आणि पुन्हा बादलीत घातलं. मला इतका राग आला होता त्याचा!

आई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. शेतकऱ्यांना वीज कशी वाचवायची आणि अडचणीच्या दिवसांत धंदा कसा टिकवायचा याचा फुकट सल्ला देणारं एक केंद्र आहे, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. त्यांनी फोन लावला, आणि दोन-चार दिवसांत एक सल्लागार बाई मोटारसायकलवर येऊन दाखल झाली.

"आता कागदावरची माणसं येऊन आम्हाला गाई शिकवणार," काका पुटपुटले.

"गाई नाही हो काका, गाई तुम्हीच मला शिकवा," बाई म्हणाली. "मी फक्त वीज कुठं जाते ते बघते."

तिने वायरीला वीज मोजायचा एक चिमटा लावला, आकडा बघितला, आणि माझ्या पाठीकडे आली. हात लावला तो चटकन मागे घेतला.

"हिला रजई कोणी पांघरली?"

काका म्हणाले, "मी. गारवा टिकावा म्हणून."

बाई हसली नाही. त्याबद्दल मी तिला मानते. म्हणाली, "काका, गारवा आत आहे, दोन पत्र्यांच्या मध्ये. तो कुठं जात नाही. मागून निघते ती दुधातली आग. ती बाहेर जाऊ द्यायची. चुलीचं धुराडं कोणी बुजवतं का?"

मग ती गोठाभर फिरली. शेडमध्ये चाऱ्याखाली दडलेला, ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर फिरणारा वडिलांच्या वेळचा जनरेटर तिला सापडला. "वादळात वीज गेली आणि टँकर अडकला, तर तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"वाट बघतो," काका म्हणाले.

"दुधाला सांगितलंय का वाट बघायला?"

आई हसल्या. काकांचे कान लाल झाले. बाईने गप्पूला सगळं समजावलं. जाळी झाडायची, खिडकी उघडी ठेवायची. वायरमनकडून नीट स्विच बसवून घ्यायचा, म्हणजे जनरेटरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावरच्या माणसाचा जीव घेणार नाही. वीज नसताना एका वेळी एकच यंत्र चालवायचं. आणि झाकण उघडायचं नाही, भरलेली गार टाकी बराच वेळ तग धरते. "हिच्यात अजून खूप दम आहे," जाताना ती म्हणाली. इतक्या दिवसांत माझ्याबद्दल पहिला चांगला शब्द!

बाईची मोटारसायकल दिसेनाशी झाली, आणि काकांनी रजई पुन्हा माझ्या पाठीवर घातली.

आता जे सुरू झालं ते सांगते. सकाळी गप्पू येई, रजई काढी, घडी करून कोपऱ्यात ठेवी, खिडकी उघडी. दुपारी काका येत, खिडकी लावत, रजई घालत. संध्याकाळी पुन्हा गप्पू. जेवताना दोघं एकमेकांना भाकरी वाढत, पाणी देत, आणि रजईबद्दल अवाक्षर काढत नसत. माझ्या पाठीवर ऊन-सावलीचा खेळ चाललेला.

मग एका सकाळी गप्पूने पाना आणला. खिडकीचं दार बिजागऱ्यांसकट काढलं, रजई काखोटीला मारली आणि दोन्ही घेऊन निघून गेला. दुपारी काका आले आणि नुसत्या भोकाकडे बघत राहिले.

"गप्पू! खिडकीचं दार कुठंय?"

"काढलं."

"कोणी?"

"मी."

"आणि रजई?"

"आईला दिली. ती पांघरते."

काका म्हणाले, "महिनाअखेरीस जायचीच आहे ती. काय करायचं ते करा." पण मी गप्पूचा आवाज ऐकला होता. थरथरत होता, तरी बाहेर पडला होता. आणि माझ्या अंगात वारा खेळत होता. मी दूध असं गार करायला लागले की टँकरवाला वास घेऊन झाकण मुकाट लावू लागला. स्विचही बसला. वायरमनने तो भिंतीवर ठोकला तेव्हा काका मुद्दाम गोठ्यात जाऊन बसले.

गाडी यायची होती त्याच्या दोन दिवस आधी वादळ आलं. दुपारच्या चहालाच आभाळ काळं झालं. झाडं मोडून रस्त्यावर पडली, वीज गेली, आणि टँकरवाल्याचा निरोप आला की आज जमत नाही. मी निम्मी भरलेली. गोठ्यात गाई हंबरत होत्या, धारा काढायची वेळ झाली होती.

काका धावत आले आणि आधी माझं झाकण उघडलं.

"काका, लावा ते," गप्पू म्हणाला.

"अरे बघू तरी दे गार आहे का!"

"बघितलं की जाईल. लावा!"

काकांनी झाकण लावलं. गप्पूने ट्रॅक्टर जनरेटरला जोडून उघड्यावर उभा केला. दांडा फिरायला लागल्याबरोबर काकांना वाटलं आता वीज आलीच. त्यांनी पाण्याची मोटर लावली, चारा कापायचं यंत्र लावलं, दिवे लावले. ट्रॅक्टर असा कण्हला की आता बसतोय. मी सुरू व्हायला गेले आणि अडखळले.

"सगळं बंद करा!" गप्पू ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, गाईंनीही नसावं, कारण हंबरणं क्षणभर थांबलं. "आधी धारांचं यंत्र. मग टाकी. दुसरं काही नाही. दिवापण नाही, काका!"

"अंधारात धारा काढू?"

"बॅटरी धरा. आई, तू इकडे ये."

आणि काकांनी बॅटरी धरली. या घराचा कारभारी, भरल्या गोठ्यात पुतण्याच्या मागून निमूट चालत गेला. धारा झाल्या, धारांचं यंत्र बंद झालं, मग सगळी वीज माझ्याकडे आली. माझा पंखा फिरला. उघड्या खिडकीतून पावसाचा गार वारा सरळ पाठीवर येत होता. माझ्या तापमानाचा काटा उतरायला लागला तसा गप्पू माझ्या झाकणावर हात ठेवून उभा राहिला, कोणी उघडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता मोकळा झाला. टँकरवाला आला, काटा बघितला, वास घेतला. "मोठ्या गोठ्यावरचं सगळं ओतून द्यावं लागलं," तो म्हणाला. "त्यांचा जनरेटर दिव्यांसाठी होता म्हणे. तुमच्याकडे काय जादू केलीत?"

काका म्हणाले, "पोराला विचार."

पण संध्याकाळी तेच काका आईंना म्हणाले, "वहिनी, मला कळतंय. पण शब्द दिलाय मी. उद्या गाडी येणार."

"शब्द तुमचा, भाऊजी. टाकी ह्यांनी आणलेली आहे," आई म्हणाल्या. काका गोठ्याकडे निघून गेले. गप्पू आला आणि माझ्याजवळ पालथी बादली टाकून बसला.

तेव्हा मी त्याला सांगितलं, आणि तुम्हालाही सांगते. तुमच्या शेतावरचं एखादं यंत्र दमलं असेल तर त्याला भंगारात काढण्याआधी त्याच्या पाठीमागे जाऊन हात लावून बघा. सल्ला देणारं माणूस दारात आलं तर चहा पाजून वाटेला लावू नका, त्याचं ऐका. आणि माझं म्हणाल तर मी म्हातारी आहे, पत्र्याला पोचे आहेत, पण मी दुसऱ्याच्या दूधघरात जाऊन त्याने ठरवलेल्या दराचं दूध गार करणार नाही. उचलायचीच असेल तर येऊन बघा उचलून.

दुसऱ्या दिवशी गप्पू नेहमीपेक्षा लवकर उठला. गाईंना चुचकारत, एकेकीची समजूत घालत त्याने सगळ्यांच्या धारा काढल्या आणि बादलीमागून बादली माझ्यात ओतली. मालकाची गाडी फाटकाशी येऊन भोंगा वाजवायला लागली तेव्हा माझ्या पोटात सगळ्या गोठ्याचं दूध होतं आणि ढवळणी फिरत होती.

गप्पू हात पुसत फाटकापर्यंत गेला.

"काका कुठंयत?" मालकाने विचारलं. "टाकी न्यायला आलोय."

"ती कामात आहे," गप्पू म्हणाला.

"रिकामी कर मग. थांबतो मी."

"रिकामी नाही होणार. आजही नाही आणि उद्याही नाही."

"अरे वा, गप्पूला वाचा फुटली! तुझ्या काकांनी शब्द दिलाय मला."

"त्यांनी दिलाय. मी नाही दिलेला. दूध मी काढतो." त्याचे कान लाल झाले होते, हे मला खिडकीच्या भोकातून दिसत होतं. "चहा घेणार असाल तर या. टाकी मिळणार नाही."

मालकाने त्याच्या खांद्यावरून घराकडे पाहिलं. काका ओट्यावर उभे होते. ते पुढे आले नाहीत, आणि गप्पूला मागेही बोलावलं नाही.

गाडी वळायला जागा लहान होती, म्हणून गप्पूने स्वतः मागे उभं राहून हाताने इशारे करत ती बाहेर काढून दिली. मग फाटक लावलं, आत आला, ब्रश उचलला आणि माझी जाळी झाडायला बसला.