सीडीत गेलेली जबानी

वडवणीच्या महिला संस्थेतला एकुलता एक कॉम्प्युटर कावेरीनं दीड वर्ष खपून जमवला होता. त्यावर लिनक्स होतं, मराठी टायपिंग होतं, तक्रार अर्जांचे नमुने होते. २००६ साली संस्थेला दोन गावांसाठी जुनी मशिनं मिळाली. संस्था चालवणाऱ्या वत्सलाबाई म्हणाल्या, "तुझ्याकडं दिसतं तसंच तिकडं दिसलं पाहिजे बघ."

कावेरीनं चालत्या मशिनचीच हुबेहूब नक्कल सीडीवर घ्यायची ठरवली. सीडी घातली की कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू व्हायचा, आणि हवं तर तेच सगळं कायमचं बसवताही यायचं. प्रोग्रामनं विचारलं, तुमचं खासगी फोल्डर वगळायचं का? वगळलं तर कीबोर्डची महिनाभराची जुळवाजुळव जाणार होती. अकराला लाईट जायची होती. तिनं 'नाही' दाबलं.

दोन्ही सीड्या एसटीनं गेल्या. तिसऱ्या दिवशी दिंद्रुडच्या केंद्रातून मोहिनीचा फोन आला.

"ताई, झकास चालली. पण ह्यात साखराबाईची जबानी काहून टाकलीय?"

साखराबाई मेंढरं राखणारी. कोणत्या डॉक्टरनं सुनेचा गर्भ तपासला, पोरगी आहे कळल्यावर काय केलं, सून ऑपरेशनच्या टेबलावर कशी दगावली, हे तिनं दार लावून सांगितलं होतं. कावेरीनं ते टाईप करून आपल्या फोल्डरमध्येच ठेवलं होतं. पुढच्या महिन्यात ती कोर्टात बोलणार होती. तोवर तिचं नाव कुणाला कळायचं नव्हतं.

मोहिनीनं सीडी मोडून टाकली. दुसरी मांजरसुंब्याला गेली होती. तिथं जागा नव्हती म्हणून मशिन एका मेडिकल दुकानात ठेवलं होतं. कावेरीनं फोन लावला.

"चालू हाय की मशिन," दुकानदार म्हणाला. "लई वाचण्यासारखं हाय त्यात."

मिळेल त्या गाडीनं ती साखराबाईच्या वस्तीवर पोचली. म्हातारी मेंढरांच्या वाड्याच्या काटेरी कुंपणाशी बसली होती. तिनं पाणी विचारलं नाही.

"सकाळी डाक्टरच्या मान्सांची जीप आलती. एकानं कागद काढून वाचला. माजंच बोलनं, शब्दाला शब्द. तुज्याबिगर कुनाला सांगितलं व्हतं म्या?"

कावेरीनं काही न लपवता सगळं सांगितलं. म्हातारीला मशिनचं कळलं नाही.

"म्हंजी तू इकलं न्हाईस."

"नाही, मावशी."

"मंग नातीला घिऊन जा. तिची शाळा कोन्ती, ते बी इचारीत व्हते."

मावशीनंही आपल्याबरोबर चलावं म्हणून कावेरी विनवत राहिली. मेंढरं सोडून ती हलली नाही.

नात महिनाभर कावेरीच्या घरी राहिली. कुणी हाक मारली की दाराआड जायची.

कोर्टाच्या तारखेला साखराबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. मागच्या बाकावर जीपवाली माणसं हाताची घडी घालून बसली होती. सून कशानं गेली, असं वकिलानं विचारलं.

"तापानं," साखराबाई म्हणाली. हे सांगताना ती कावेरीकडंच बघत होती.