राजाच्या गालावरचा ओरखडा

"बाई, हे लिहू नका," दार लोटून घेत साहेब हळू आवाजात म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं नाही. गेली एकोणतीस वर्षं संग्रहालयाच्या मागच्या खोलीत त्या जुनी नाणी साफ करत आल्या होत्या. नवं कोणी आलं की पहिल्या दिवशी बजावायच्या, "माती काढायची, चकाकी आणायची नाही. चकाकलेलं नाणं कामातून गेलं समजा." साहेबही नोकरीला लागले तेव्हा याच टेबलाशी शिकले होते. नाणं कडेने धरायचं, डिस्टिल्ड पाण्यात भिजू द्यायचं, आठवडा लागला तर लागू द्यायचा, आणि पुसायचं नाही, नुसतं टिपायचं.

आज सकाळी बाई चांदीच्या एका नाण्यावरची मऊ पडलेली माती कापसाच्या बोळ्याने टिपत होत्या. बोळ्याखाली वाळूचा कण राहिला होता. एरवी तो बोटांना आधीच कळला असता. पण गेले काही महिने उजवा हात त्यांचं ऐकेनासा झाला होता. हात थरथरला, बोळा दाबला गेला आणि राजाच्या गालावर केसाएवढा ओरखडा उठला. चारशे वर्षं जमिनीखाली राहून त्या गालाला काही झालं नव्हतं.  बाईंनी साहेबांना बोलावून तो दाखवला आणि नोंदवही ओढली.

"भिंगाशिवाय दिसतसुद्धा नाही तो," साहेब म्हणाले. "आठ महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीला. जाता जाता कशाला बोल लावून घेता?"

"उद्या कोणी बघेल आणि जुनाच समजेल."

"समजू दे की."

"मग मी तुम्हाला शिकवलं काय?"

 बाईंनी लिहिलं, 'गालावर ताजा ओरखडा. साफ करताना माझ्या हातून.' अक्षर वाकडंतिकडं आलं. सही करून त्यांनी भिंग साहेबांपुढे सरकवलं.

"उद्यापासून मला नाण्यांच्या पाकिटांवर नंबर घालायचं काम द्या."

"रागावलात?"

"कुणावर रागावू? हात माझाच आहे."

संध्याकाळी नवऱ्याने चहा केला. तो निवृत्त झाल्यापासून घरातला चहा त्याच्याकडेच होता. बाईंनी झालं ते सांगितलं. हाताबद्दल त्या घरात पहिल्यांदाच बोलत होत्या.  त्याने कप पुढे ठेवला.

"अर्धाच?" बाई म्हणाल्या.

"अर्धाच देतो. संपला की पुन्हा ओततो."

"कधीपासून?"

"थंडी पडायला लागली तेव्हापासून. भरलेला सांडायचा तुझ्या हातून."

बाईंनी आठवून पाहिलं. काही आठवेना. मग त्यांनी कप दोन्ही हातांनी उचलला. नवऱ्याने किटली जवळ ओढून घेतली.