तीन आले, दोन दिले

मागच्या खोलीतला कॉम्प्युटर बंद केला तर शालिकरामच्या पदरात काय काय पडणार होतं, याची यादी रोहितनं पुण्याहून फोनवर वाचून दाखवली. खोली रिकामी होईल. मिनलचे आईवडील नागपूरला आले तर टेकायला जागा होईल. रात्रंदिवस जळणारी वीज वाचेल. "आणि बाबा, तुमचं तिथं बसून राहणंही थांबेल," हा चौथा फायदा मिनलनं मागून सांगितला. खरा मुद्दा तोच होता. सुनेनं तो शेवटी ठेवला, एवढी ती हुशार होती.

"चालू राहू दे ना गा," शालिकराम म्हणाला. "खाऊन राह्यला का तो तुले?"

"आई जाऊन सात महिने झाले, बाबा. आता त्याच्यावर पाहते कोण सिनेमा?"

उत्तर शालिकरामजवळ होतं. समोरच्या वहीत ते तारीखवार लिहिलेलं होतं. पण मुलाला वाचून दाखवण्यासारखं नव्हतं.

शालिकराम रेवतकर मूळचा नरखेडकडचा. चौतीस वर्षं त्यानं खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमची ड्युटी केली. तिथं दर तासाला आकडे वहीत उतरवायचे आणि पुढे सही करायची. रिटायर झाला तरी हाताची खोड गेली नाही. दूधवाला किती वाजता आला, नळ किती वाजता आला, गॅस कोणत्या दिवशी लावला, सगळं वहीत. सुभद्राला तीन दिवस ताप होता, तोही दर तासाला लिहिलेला. चौथ्या दिवशी, मार्चच्या नऊ तारखेला, त्या रकान्यात काही नाही. बायको गेल्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे खापरखेड्यात शिकवलेलं नव्हतं.

कॉम्प्युटर रोहितचा. कॉलेजात असताना त्यानं त्यात चारेकशे सिनेमे भरून ठेवले होते. हॉलमध्ये टीव्हीला त्याचा गेम खेळायचा डबा जोडलेला. त्या डब्यावर यादी उघडली आणि नाव दाबलं, की मागच्या खोलीतला सिनेमा वाय-फायवरून हॉलमध्ये यायचा. हे रोहितनं आईला अर्धा तास समजावलं. तिनं एका वाक्यात आटपलं, "टाकी मागं, नळ समोर. समजलं मले." रोज दुपारी शालिकराम झोपला की ती नळ उघडून बसे. शालिकरामनं तिच्यासोबत एकही सिनेमा पाहिला नाही. आधी नाईट शिफ्टची झोप होती, मग सवयीची.

सुभद्रा दवाखान्यात गेली तेव्हा कॉम्प्युटर चालूच राहिला होता. शालिकरामच्यानं तो बंद करवला नाही. एप्रिलमध्ये एका दुपारी धूळ पुसायला तो मागच्या खोलीत गेला. दोन वाजले होते. भिंतीवर आवाज झाला. ठक, ठक, ठक. जरा वेळ काही नाही. मग कॉम्प्युटरच्या पोटात काहीतरी फिरायला लागलं, दिवा लुकलुकला आणि पडद्याच्या कोपऱ्यात ओळ उमटली: 'आई – चालू'.

शालिकराम हॉलमध्ये गेला. टीव्ही बंद. गेमच्या डब्याचा प्लग त्यानं स्वतः मार्चमध्ये काढून गुंडाळून ठेवला होता. तो तसाच गुंडाळलेला. तो परत मागं आला. ओळ तशीच होती. सिनेमाच्या नावाखाली एक निळी पट्टी असते, कितपत पाहून झाला ते दाखवणारी. ती मुंगीच्या चालीनं पुढे सरकत होती.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. शालिकरामला कंट्रोल रूमचा पहिला धडा आठवला: भार दिसतो म्हणजे घेणारा आहे. कोणी घेत नसेल तर यंत्र नुसतं देत बसत नाही. इथं भार दिसत होता. घेणाऱ्याचं नाव पडद्यावर लिहिलेलं होतं. त्यानं वही उघडली आणि लिहिलं, '१४.०० – तीन ठोके. १४.०२ – आई चालू.' खाली सही केली.

मग ते रोजचंच झालं. तीन ठोके, जराशी शांतता, मग घरघर. चारला दहा कमी असताना पट्टी थांबायची आणि नाव विझायचं. चारला दहा कमी असताना नळ यायचा. सुभद्रा कितीही रंगात आली तरी नळाला उठायचीच. कित्येक सिनेमांचा शेवट तिला माहीत नव्हता. आणखी पुरावा काय हवा होता? गल्लीतली झाडून सगळी घरं त्याच वेळी भांडी घेऊन उठतात, हे तीस वर्षं पाहिलेल्या माणसाला त्या क्षणी आठवलं नाही. माणसाला जे हवं असतं, त्याच्या आड येणारा आकडा त्याला दिसत नाही. मग तो कंट्रोल रूममधला का असेना.

तो दोनला खुर्ची ओढून बसू लागला. कधी बोलायचाही. "आज कोणता लावला वं?" नाव पडद्यावर असायचंच, पण विचारायला काय जातं. आयुष्यात पहिल्यांदा तो बायकोच्या सोबत दुपारी जागा होता.

ऑक्टोबरात भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. त्याच्यामागं, खांद्याच्या उंचीवर, प्लास्टरला खळगा पडलेला होता. लाटण्याच्या टोकाएवढा, गोल, घासून गुळगुळीत झालेला. शालिकरामनं त्यात बोट घातलं. आणि झोपेत कितीतरी वर्षं ऐकलेला आवाज त्याला आठवला. लांबून तीन यायचे. मग जवळून दोन. त्याला वाटायचं, सुभद्रा शेंगदाणे कुटते.

म्हणजे उत्तर द्यायचं असतं. सहा महिने ती ठोकत होती आणि हा माणूस वहीत सह्या करत बसला होता.

दुसऱ्या दिवशी तो लाटणं घेऊन बसला. दोन वाजले. ठक, ठक, ठक. त्यानं खळग्यात लाटण्याचं टोक धरलं आणि हळूच दोन दिले.

भिंतीपलीकडे काहीतरी पडलं. भांडं असावं, घरंगळत जाऊन थांबलं. मग काही नाही. घरघर सुरू झाली नाही. 'आई' ही ओळ आली नाही. पट्टी होती तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी ठोकेही आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. शालिकरामनं वहीत रेघ मारली. इतके दिवस गप्प बसला तोवर ती येत होती, आणि बोलला तशी गेली. संसारातही बहुतेक असंच झालं होतं.

त्या संध्याकाळी फाटक वाजलं. शोभाताई होती, शेजारची. भिंत दोन्ही घरांची एकच. त्या भिंतीच्या ओलीवरूनच शालिकरामचं आणि तिच्या नवऱ्याचं, वामनरावांचं, वाजलं होतं. नऊ वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. वामनराव गेले तेव्हा शालिकराम फाटकापर्यंत गेला. सुभद्राच्या तेराव्याला शोभाताई फाटकापर्यंत आली. फिटंफाट.

"आत येऊ का, भाऊजी?"

"या ना."

ती सरळ मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "इथून येते काय सिनेमा?"

"तुमाले काहून पाह्यजे?"

"रोहितचा पहिला गेमचा डबा, लहानवाला. सुभद्रानं तुमाले काय सांगतलं होतं? भंगारात देल्ला म्हणून ना?" ती पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली. "खोटं सांगतलं. माह्याकडे हाय तो. विरजण मागाले मागच्या कुंपणावर गेली होती मी, तर तिनं विरजणही देल्लं, डबाही देल्ला आन् वाय-फायचा पासवर्डही देल्ला. म्हणे, तुमच्या माणसाचं आन् माह्या माणसाचं पटत नाही तर आपण काय करावं? तुमी तिकडं लावा, मी इकडं लावतो. मी तीन ठोकत होती, थे दोन देत होती, की मग दोघी एकाच टायमाले बटण दाबत होतो."

त्या डब्याला रोहितनं आईचं नाव दिलं होतं. डबा भिंतीपलीकडे गेला, नाव त्याच्यासोबत गेलं. शालिकरामच्या डोक्यात सगळे आकडे एकामागून एक जुळले, आणि जुळताना प्रत्येक आकड्यानं त्याच्याकडून काहीतरी काढून नेलं. खुर्ची त्याच्या मागेच होती. तो बसला.

"सुभद्रा गेल्यावरही ठोकत राह्यली मी," शोभाताई म्हणाली. "सवय. ठोकलं की थोडं थांबाचं, मग लावाचा. येडी म्हणा मले. पण भाऊजी, परवा तिनं उत्तर देल्लं."

शालिकरामनं लाटण्याकडे पाहिलं.

"दोन. तिचेच दोन, हळू. माह्या हातातला दूध तापवाचा गंज पडला खाली. भेव नाही वाटलं, बरं. दोन दिवस नुसती रडून राह्यली. आता हातच धजत नाही. म्हटलं, तुमाले विचारावं. घर तुमचं, बाई तुमची. तुमी नाही म्हणान तर नाही ठोकत."

लाटणं कॉम्प्युटरच्या बाजूलाच पडलेलं होतं. तिनं एकदा नीट पाहिलं असतं तरी बोलणं तिथंच संपलं असतं. 'ते मी होतो' एवढे तीन शब्द. शालिकरामनं ते तोंडात घोळवून पाहिले. बोलला असता तर खरं बोलल्याचं पुण्य त्याला, आणि सुभद्रा दोघांनाही नाही. गप्प बसला तर निदान एका घरात तरी ती राहत होती.

"ठोकत जा," तो म्हणाला. "मले काय तरास? दुपारी मी झोपलेलाच असतो."

शोभाताईनं मान हलवली. जाताना फाटकाशी थांबली. "थे म्हणे, आमचे हे दुपारी ढोल वाजवला तरी उठत नाही."

"खरं हाय," शालिकराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशीपासून त्याची ड्युटी लागली. पावणेदोनला लाटणं घेऊन तो खळग्यापाशी उभा. तीन आले की मनात पाच मोजायचे, मग दोन द्यायचे. लगेच दिले तर संशय येईल, असा त्याचा विचार. खोली तीच होती, घरघर तीच होती, पडद्यावर 'आई – चालू' तेच होतं. आता तो पडद्याशी बोलत नव्हता. वहीत लिहायचा, 'तीन आले. दोन दिले.' आणि सही.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. शालिकराम सकाळी दहाला गेला. रांग मोठी होती. नंबर लागला तेव्हा यंत्र त्याचा अंगठा ओळखेना. चौतीस वर्षं वह्यांची पानं उलटून रेषाच राहिल्या नव्हत्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, पुसून ठेवा परत." त्यानं पुसून ठेवला. मग दुसरा अंगठा. मग बोटं. घड्याळात दीड झाला, पावणेदोन झाले. दोन वाजले तेव्हा त्याचं अनामिकेचं बोट यंत्रावर होतं आणि यंत्र म्हणत होतं, जुळत नाही. तो त्या मुलीला म्हणाला, "बाई, माही ड्युटी हाय दोनची." ती हसली. सव्वादोनला कुठलंतरी बोट जुळलं आणि शालिकराम रेवतकर जिवंत ठरला.

ऑटोतून उतरला तेव्हा तीनला पाच कमी होते. शेजारच्या पायरीवर बसून शोभाताईला काय सांगायचं, याची जुळवाजुळव त्यानं वाटेत केली होती. पण शोभाताईच्या घरातून गाण्याचा आवाज येत होता. फाटकाचा आवाज ऐकून ती खिडकीशी आली. चेहरा फुललेला.

"तुमी बाहेर गेले होते ना? कुलूप पाह्यलं मी. तरी म्हटलं, ठोकून पाहू. भाऊजी, आज तिनं जराही वेळ नाही लावला. रोज थोडी थांबते थे. आज मी तिसरा ठोका देल्ला नाही देल्ला, की दोन आले."

शालिकरामनं कुलूप पाहिलं. लागलेलं होतं. किल्ली त्याच्या खिशात होती. मागच्या खोलीत लाटणं जिथं ठेवलं होतं तिथंच होतं. खळग्याखाली, सकाळी झाडलेल्या फरशीवर, चिमूटभर पांढरी भुकटी पडलेली होती. पलीकडून ठोकल्यानंही पडत असेल. त्यानं ती झाडली नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला तो खुर्चीवर बसला. लाटणं मांडीवर. दोन वाजले. ठक, ठक, ठक.

त्यानं हात हलवला नाही. श्वास धरला. पाच मोजले. दहा मोजले. भिंतीला कान लावावा असं वाटलं, लावला. भिंत गार होती. काही नाही, अगदी काही नाही.

मग कॉम्प्युटरच्या पोटात घरघर सुरू झाली, आणि भिंतीपलीकडून शोभाताईचा आवाज आला, रोजच्या गप्पांतला, "हो वं, लावला, लावला."

ती पट्टी सरकताना शालिकराम बराच वेळ बघत बसला. मग वही ओढली. हिशोब सरळ होता. शोभाताईला मैत्रीण मिळाली. सुभद्राला सिनेमा मिळाला, आणि सोबत जिची होती तिचीच मिळाली. दुपारी झोपलेल्या माणसाच्या वाट्याला झोप यायची, ती आली. त्यानं लिहिलं:

'१४.०० – तीन आले. दोन दिले गेले. मला ऐकू आले नाहीत.'

सहीच्या रकान्यात त्यानं पेन टेकवलं, उचललं, आणि तो रकाना सुभद्रासाठी मोकळा सोडला. चारला दहा कमी असताना नळ आला. तो बादली घेऊन उठला.