राजाची खुर्ची

हमीदाने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या आणि ओवीच्या खांद्यावरची शिवण चाचपून पाहिली.

"बेटा, हात वर कर बघू."

ओवीने केला. हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच अडला.

"आंटी, इट्स टू टाइट. आय कान्ट डान्स इन धिस."

हमीदाचा चेहरा उतरला. नऊ झगे घेऊन ती शारजाहून सकाळीच निघाली होती, या हॉलवर पोचेपर्यंत ट्रॅफिकमध्ये अडीच तास गेले होते. मुलींच्या नाचाचा कार्यक्रम उद्याच होता. तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या दरबारात बायका घालत त्या झग्याचा नमुना मुलींना तिथला नाच शिकवणाऱ्या शुभ्राने पाठवला, तेव्हाच तिला शंका आली होती. खांद्याची शिवण इतकी मागे कोण घेतं? तरी तिने नमुन्याबरहुकूम कापड कापलं होतं.

"नऊच्या नऊ उसवायचे म्हणजे खलास," ती पुटपुटली.

शुभ्रा जवळ आली.

"उसवू नका, आपा. बरोबर शिवलेत. त्या दरबारात हात खांद्याच्या वर जायचेच नाहीत. कोपर आणि मनगट, बस्स."

"मग तो नाच कसला?"

"बसा ना, दाखवते."

हॉलच्या टोकाला एकच खुर्ची होती, राजाची म्हणून मांडलेली. शुभ्राने हमीदाला तिथेच बसवलं. ती खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकली.

"राजा स्वतः उत्तम नाचायचा," शुभ्रा म्हणाली. "म्हणून सरदारांनाही शिकणं भाग. एका वेळी एकच जोडी नाचणार, बाकी दरबार बघत उभा. पाऊल चुकलं की हसं. काहीजण पुन्हा तोंड दाखवायला धजत नसत."

"एका पावलावरून?"

"एका पावलावरून."

व्हायोलिनचे सूर सुरू झाले. ओवी आणि तिची जोडीदार इनाया समोर आल्या. शुभ्रा बोलत असताना मोबाइलवर वाकलेली ओवी आता ताठ होती. झग्याने तिचे खांदे मागे धरून ठेवले होते. पावलं टाचेवरून उचलत, चवड्यावर थबकत, दोघी दूर गेल्या, वळल्या, पुन्हा समोरासमोर आल्या. मनगटं सावकाश उलगडली. घेर पावलांच्या किंचित मागून येत होता. हे कापड आपणच टेबलावर पसरून कापलं, हे हमीदाला खरं वाटेना.

"सुभानअल्ला," ती स्वतःशीच म्हणाली. नकळत ती खुर्चीत मागे सरकून नीट बसली होती.

संगीत थांबलं. दोघी खुर्चीसमोर आल्या, गुडघ्यांत वाकल्या, माना झुकवल्या आणि तशाच राहिल्या.

हमीदाने गोंधळून शुभ्राकडे पाहिलं.

"तुम्ही हाताने खूण करेपर्यंत त्या उठणार नाहीत, आपा," शुभ्रा हलकेच म्हणाली.

हॉलमध्ये फक्त एसीची घरघर होती. ओवीचे गुडघे थरथरू लागले, पण मान वर झाली नाही.

कोणती खूण करायची ते हमीदाला कळलं होतं. तरी तिने हात लगेच उचलला नाही.