नेड्राचा दुखरा खांदा

मित्रांनो, बंदुकीची दारू तोलणारा मी एक जुना तराजू आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगराळ गावी, स्टॉफर यांच्या तळघरात माझे आयुष्य गेले.

नेड्रा स्टॉफर नेमबाज होती. हजार यार्डांवरच्या कागदी लक्ष्यावर ती अशा गोळ्या मारी, की सगळी भोके एका तळहाताखाली झाकली जावीत. तिची काडतुसे तिचा नवरा ऑर्व्हिल घरीच भरत असे. प्रत्येक पितळी कवच तो सारख्या लांबीचे कापी, माझ्या पारड्यात दारू दाणा दाणा सोडी आणि माझा काटा रेघेवर स्थिरावेपर्यंत श्वास रोखून बसे. दारू कमीजास्त झाली, की इतक्या लांबवर गोळी वरखाली जाते.

"माझे दोन पॅनकेक कधी सारखे होत नाहीत, आणि तुझी काडतुसं बघ, जुळी भावंडं जशी," नेड्रा म्हणे.

"पॅनकेक कुणी हजार यार्डांवर फेकत नाही. तुझे फेकण्यासारखे असतात, ती गोष्ट वेगळी."

बक्षीस मिळाले, की ती आधी खाली येऊन मला मऊ फडक्याने पुसे. मला फार अभिमान वाटे.

मग एका उन्हाळ्यात, राज्याच्या स्पर्धेत पहिली येण्याची आशा असताना, तिच्या गोळ्या कागदावर वरखाली विखुरल्या. घरी येऊन ती एकटी तळघरात उतरली. उरलेली काडतुसे उघडून तिने त्यांतली दारू माझ्यावर तोलली. एकात जास्त, दुसऱ्यात कमी. मला ते ठाऊक होते. ऑर्व्हिलची नजर अधू झाली होती. काटा रेघेच्या वर किंवा खाली थांबला, तरी त्याला तो रेघेवरच दिसे. पण तराजूला कुठे वाचा असते?

जिन्यावर पाऊल वाजताच तिने सगळे आवरले.

"काय चुकलं गं? माझं काही?" ऑर्व्हिलने विचारले.

"तुझं कसलं? खांदा गेलाय माझा. बंदुकीचा दणका सोसवत नाही. पुरे झालं आता."

"परवा तर लाकडं फोडत होतीस."

"म्हणूनच गेला. तुला सांगून सांगून कंटाळले होते."

तो हसला. ती हसली नाही. दुसऱ्याकडून काडतुसे भरून घेणे तिला जमले असते, पण तिने बंदूकच विकली.

पुढे डॉक्टरांनी सांगितले, की ऑर्व्हिलची नजर फार आधीपासून अधू होत आली होती. त्या दिवशी तो खाली आला. पारड्यात वजन ठेवून, नाक टेकेपर्यंत माझ्यावर वाकला. काटा त्याला दिसलाच नाही. त्याची आसवे माझ्या पारड्यात पडली.

"नेड्रा," त्याने वर हाक मारली, "तुझा खांदा खरंच दुखत होता का गं?"

वर भांड्यांचा आवाज थांबला.

"हो. थंडीत अजून दुखतो."

त्याने मला चाचपडत फडक्यात गुंडाळले. तो विषय पुन्हा निघाला नाही, पण त्या रात्री वरून तिचे हुंदके मला ऐकू आले. मागच्या हिवाळ्यात ऑर्व्हिल गेला.

मित्रांनो, माझा काटा आता धुळीने अडकला आहे. कुणी हळुवार पुसले, तर तो पुन्हा हलेल. पण माझे मागणे ते नाही. तुमच्यासाठी ज्याचे हात रोज राबतात, त्या माणसाला नीट दिसते का, काही दुखते का, हे वेळेवर विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारले, तर खरे सांगा. त्या दोघांनी एकमेकांना फार जपले. पण तो खाली रडला आणि ती वर, एकाच घरात, एकेकटी.