शेवटचे दहा फवारे

तिने दम्याचा पांढरा पंप यंत्राच्या चिमट्यात घट्ट बसवला आणि हात मागे घेतला.

"तू तर नेहमी हातानं हलवून चाचणी करतेस," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "निम्म्या वेळात उरकतं."

"या वेळी नको."

मूळ कंपनीच्या निळ्या पंपातून एका दाबात जेवढं औषध छातीत उतरतं, तेवढंच या पांढऱ्यातूनही उतरतं का, एवढंच प्रयोगशाळेला पाहायचं होतं. तिला मात्र पांढऱ्या कंपनीचं नाक कापायचं होतं. तीन वर्षांपूर्वी ताई गेली तेव्हा तिच्या मुठीत याच कंपनीचा पंप होता आणि त्यावरच्या आकड्यात दहा फवारे शिल्लक दिसत होते. आई तिला सोबत घेऊन कंपनीत तक्रार करायला गेली, तर व्यवस्थापकाने आईला बसा म्हणण्याचीही तसदी घेतली नव्हती. "नीट हलवला नसेल," एवढंच म्हणाला होता.

हाताने केलं असतं तर पंप कमी हलवून निकाल हवा तसा लावता आला असता. रविवारभर तिने तोच विचार चघळला होता. पण मग तो व्यवस्थापक पुन्हा तेच म्हणाला असता, आणि खरं म्हणाला असता.

यंत्राने पंप पाच वेळा हलवला, दाबला. सुरुवातीचे फवारे बरोबर भरले. मधलेही. तिचं तोंड कडू झालं. शेवटच्या दहांत मात्र औषध निम्म्यावर आलं. तिने आणखी नऊ पंप लावले. नऊही तसेच निघाले. तिला आनंद झाला आणि त्याची लाज वाटली नाही.

शुक्रवारी तोच व्यवस्थापक चाचणीचा अहवाल घेऊन स्वतः तणतणत आला. त्याने तिला ओळखलं नाही.

"शेवटी शेवटी तुमच्या माणसांनी नीट हलवला नसेल, मॅडम."

हेच ऐकायला ती तीन वर्षं टपून बसली होती.

"माणसानं हात लावलाच नाही. यंत्रानं हलवलाय, दर फवाऱ्याला पाच वेळा. नोंदी मागे जोडल्यात."

तो उभ्या उभ्याच भराभर पानं उलटू लागला. चौथ्या पानावर त्याला धाप लागली, छातीतून बारीक शिट्टी वाजू लागली. त्याने घाईघाईने खिशातून स्वतःचा पंप काढला.

निळा होता.

तिने खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "आणि नीट हलवून घ्या."